उलटं बोट

अण्णा, मी बोलतेय आणि सून लिहितेय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत पोरीनं एक ओळ धाडली नाही म्हणून रागावू नका, का धाडली नाही ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. सून शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मी बोलता बोलता माझी भाषा तपासायची तिला खोड. आत्ताच विचारलं, "आत्याबाई, 'लई'चं 'फार' करू का?" म्हटलं, नको माय, अण्णांना वाटेल दुसऱ्याच कुणाची पोरगी बोलतेय. मग म्हणाली, बरं, 'लई' ठेवते, पण 'नाय'चं 'नाही' करते, माझ्या हाताला लाज वाटते. तेवढं सोडलं तिला. सुनेला सगळंच अडवलं की ती वरणात मीठ विसरते. हेही लिहिलंस का गं? लिहिलंय म्हणते.

गेल्या रविवारी आपल्या वस्तीतल्या विहारात तुमच्या नावाचं वाचनालय उघडलं. लोखंडी कपाटं, नवीन रंगाचा वास, आणि भिंतीवर तुमचा तो ढोलकी मांडीवर घेतलेला फोटो, ज्यात तुम्ही हसत नाही. पत्रिका छापली होती. सुनेनं वाचून दाखवली तर माझं नाव मोठ्या अक्षरात आणि तुमचं त्याहून जरा बारीक. खाली लिहिलेलं की अण्णांच्या जलशाच्या वहीतलं एक पान त्यांची कन्या वाचून दाखवतील. विचारायला मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या, वाचनालयाच्या अध्यक्ष. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाल्या, सगळी वस्ती त्यांना मोठ्या बाई म्हणते, पण आहे माझ्याहून वर्षानं लहान आणि लहानपणची आपल्याच गल्लीतली. मी लगेच हो म्हटलं. सून दारामागून डोळे वटारत होती. तिला वाटलं म्हातारीला चळ लागला. मला चळ लागला नव्हता. जन्मात एकदा खरं बोलायचं होतं, की मला वाचता येत नाही, आणि ते ऐकून कुणी हसू नये एवढीच इच्छा होती. तुमच्या फोटोखाली तरी कुणी हसणार नाही, असा माझा हिशोब.

टीव्ही आपल्या घरात यायच्या आधी तुम्ही गेलात, म्हणून पहिल्यापासून सांगावं लागतं. मी टीव्हीवर काम करते. हसवायचं काम. रोज संध्याकाळी लोक जेवणाच्या ताटावर मला बघतात. मालिकेतल्या घरात मी आजी आहे, ठार अडाणी, पण आपल्याला वाचता येतं असा तोरा मिरवणारी. नाकावर चष्मा घालते, पेपर उघडते आणि ओळीखालून बोट फिरवत मनानंच बातम्या वाचते. शेजारणीच्या जावयानं दाढी ठेवल्याची बातमी, सुनेच्या माहेरी म्हैस व्याल्याची बातमी. बोट उजवीकडून निघतं आणि डावीकडं जातं. लोक बोटालाच हसायला लागतात, बातमी अजून तोंडातून बाहेर पडलेली नसते. अकरा वर्षं झाली. महिन्यातले पंधरा-वीस दिवस मुंबईला शूटिंग, उरलेले इथं आपल्या घरी. पण इथंही सुटका कुठं आहे? शहागंजात मेथी घ्यायला गेले तर भाजीवाला जुडी गुंडाळायचा कागदच पुढं करतो, "आजी, एक वाचा ना." चार गिऱ्हाईकं गोळा होतात. मी वाचते. सगळे हसतात, मीही हसते, आणि घरी आल्यावर कळतं की मेथी तिथंच राहिली.

संवादाचे कागद येतात ते सुनेच्या मोबाइलवर. ती शाळेत जायच्या आधी सगळे मोठ्यानं वाचून त्याचं रेकॉर्डिंग मला पाठवते, आणि मी कानात बोंडं घालून पाठ करते. माझेच नाही, सगळ्यांचे. दुसऱ्याचा शब्द अडला तर मी पुरवते. युनिटला वाटतं आजी सकाळी वंदना ऐकते, म्हणून बिचारे जवळून जाताना पावलं वाजवत नाहीत. ऐन वेळी कागद बदलला की माझा खरा चष्मा खोलीवर राहिलेला असतो. तो इतक्या वेळा राहिला की सगळ्यांनी मिळून माझ्या वाढदिवसाला चष्म्याला बांधायची साखळी आणली. टाळ्या वाजवून माझ्या गळ्यात घातली. एक नवी पोरगी आहे, नातीचं काम करते, लई गुणाची. ती वही घेऊन माझ्या पायाशी बसली, "आजी, अडाणी बाईचा अभ्यास तुम्ही कसा केलात?" म्हटलं, लहानपणापासून रियाज आहे, बाळ. तिनं ते लिहून घेतलं.

ते बोट कुठून आलं हे आता माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. मी सात-आठ वर्षांची आहे. तुम्ही कचेरीत शिपाई. दुपारी तुमची भाकरी पोचवून परत येताना मी शहागंजात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या ओट्यावर टेकते. चाचा उर्दू पेपर वाचतात, ओळीखाली बोट धरून, उजवीकडून डावीकडं, आणि मधेच "सुन बेटा, सुन" म्हणत मलाही ऐकवतात. आपल्या घरात तुम्ही एकटे वाचणारे, ते पण मनातल्या मनात, बोट न धरता. त्यामुळे वाचणं म्हणजे काय ते मला चाचांमुळे कळलं. बोट असं न्यायचं आणि तोंडानं काहीतरी चांगलं सांगायचं.

धम्मदीक्षेनंतरची ती वर्षं होती. तुमचा जलसा गावोगाव फिरायचा, गाणी आणि वग करून लोकांना सांगायचं की लेकरांना शिकवा. एक ढोलकी, एक पेटी, पाच गडी, आणि वगात पोरगी लागते म्हणून मी. वग असा, की घरी मामाचं पत्र येतं. कुणालाच वाचता येत नाही. शेळ्या राखणारी पोर पुढं होते, मला येतंय म्हणते आणि मनानंच वाचते, मामा येतोय, लुगडं आणतोय, बांगड्या आणतोय. घरात गोडधोड होतं. आणि पत्रात असतं मामा गेल्याचं. "आधी हसवायचं, मग रडवायचं, आन् रडू पुसायच्या आत म्हणायचं, घाला पोरीला शाळेत." तुमचं शास्त्र ते. बिडकीनला मी पहिल्यांदा उभी राहिले. पत्र हातात घेतलं आणि मन लावून, अगदी चाचांसारखं, उजवीकडून बोट फिरवलं. मी विनोद केला नव्हता हो अण्णा. मला खरंच वाटलं मी बरोबर वाचतेय. आणि सगळं बिडकीन हसलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही हसले, येणाऱ्यांकडं बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढं भाकऱ्या थापतेय. तुम्ही मला जवळ घेतलंत, जे तुम्ही कधी करत नव्हता, आणि माझं बोट धरून म्हणालात, "माय, हे असंच ठेव." आई म्हणाली, "अवो, औंदा शाळेत घालायची ना हिला?" तुम्ही म्हणालात, "घालू की. पण शिकली की बोट आपसूक डावीकडून निघंल. एवढा हंगाम व्हऊ दे." आईनं भाकरी उलटली आणि तिला जे बोलायचं होतं ते तव्याला बोलली. जलशाला कसला आलाय हंगाम? जयंती सरली की लग्नसराई, लग्नसराई सरली की कुणाच्या विहाराची पायाभरणी. एक गेला, दोन गेले. खुलताबादला एक बाई वग संपल्या संपल्या लेकीला ओढत तुमच्यापुढं आली, म्हणाली, "हिला उद्याच घालते बघा." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागं गूळ-शेंगदाणे खात उभी होते. माझं सोंग बघून किती पोरी शाळेत गेल्या असतील त्याचा काही नेम नाही, आणि मी पुढच्या गावाला.

पुढं नवऱ्यानं लई मनावर घेतलं. चिकलठाण्याच्या कंपनीत फिटर होता, घरी आला की पाटी घेऊन बसायचा. जलसा सुटला होता, मी नाटकाच्या स्पर्धांतून कामं करत होते, तो संवाद वाचायचा आणि मी पाठ करायचे. महिनाभरात त्यानं मला माझं नाव काढायला शिकवलं. काढायलाच. रांगोळी काढतात तसं मी ते काढते, लोक सही म्हणून घेऊन जातात. पाच-सहा अक्षरंही ओळखू यायला लागली होती. मग एका प्रयोगात पत्राचा प्रसंग होता. बोट ठेवलं आणि ते डावीकडून निघालं. मी काढलं नाही, आपोआप निघालं. नाट्यगृहात कुणी खोकलं तेवढंच ऐकू आलं. घरी आल्यावर मी पाटी माळ्यावर टाकली. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, अण्णा बरोबर सांगत होते. त्या दिवसापासून मी तुम्हाला शिव्या द्यायला लागले ते आजपर्यंत.

तो आजारी पडला तेव्हा मालिकेला चार वर्षं झाली होती. सून माझ्या पोराला घेऊन औषधं आणायला खाली गेलेली, आणि परिचारिका माझ्यापुढं कागद धरून म्हणाली, ऑपरेशनचं आहे, वाचून सही करा. मी म्हटलं, "बाई, मला वाचता येत नाही." ती हसली. तिचा काही दोष नाही, चांगल्या मनाची पोरगी होती, दिवसभर रोगी बघून वैतागलेली असेल. तिनं दुसरीला हाक मारली, "अगं ये, आजी बघ कशा करतायत!" मी परत म्हटलं, "खरंच येत नाही, काय लिहिलंय ते सांग." तर दोघी भिंतीला टेकून हसल्या. आत माझा नवरा, बाहेर मी, हातात कागद, आणि जितकं खरं बोलावं तितकं लोक हसतायत. मी रांगोळी काढून दिली. तो त्यातून उठला नाही. उठला असता तर त्याला हे मी गंमत म्हणून सांगितलं असतं.

म्हणून रविवारची आस होती. शिवाय मागच्या महिन्यात मालिकेच्या मालकाला मी म्हटलं होतं, आता मला दुसरं काहीतरी द्या, एखादी वकीलबाई, मास्तरीण, अगदी भुताचं काम दिलं तरी चालेल. तो पाया पडला आणि म्हणाला, "आजी, तुमचं बोट सरळ झालं तर शंभर माणसं घरी बसतील." आणखी तीन वर्षांचा करार पुढं सरकवला. मी त्याच्यावरही नाव काढून दिलं. तीन वर्षांनी मी असेन का, असं सून विचारते. असेन गं. मराठी माणूस मालिका अर्धी सोडत नाही.

तर रविवार. आधी मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. बोलतात छान, खडू धरल्यासारखी बोटं धरून. म्हणाल्या, "अण्णांचं एक ऋण कुणाला माहीत नाही ते सांगते. अण्णांनी लेकीचं नाव शाळेत घातलं होतं. तिला जलशातून मोकळी करायची म्हणून तिच्या जागी मला उभी केली. एकच दिवस. कुणी हसलं नाही. वग पार झोपला. अण्णा मला म्हणाले, 'तुझ्यात ते नाय, बाय.' लेक परत जलशात गेली आणि शाळेतल्या तिच्या जागेवर अण्णांनी मला नेऊन बसवलं, स्वतः बोटाला धरून. माझा बाप दगडं फोडणारा, त्याला कुठलं सुचणार होतं. कला माझ्यात नव्हती म्हणून मी शिकले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या हसत म्हणाल्या, "आधी गायचे मी लई. त्या दिवसापासून चारचौघांत तोंड उघडलं नाही, ते शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा." लोक त्यालाही हसले.

मग मला उभं केलं, वही हातात दिली. तुमची वही, अण्णा, तुमच्या हाताची अक्षरं. पान मला तोंडपाठ होतं, सुनेनं आठवडाभर घोकून घेतलं होतं, न जाणो म्हातारीनं ऐन वेळी विचार बदलला तर. मी वही मिटली आणि म्हटलं, "मला वाचता येत नाही." अख्खा विहार हसला. मी थांबले. म्हटलं, "थट्टा नाही. या वहीतलं एक अक्षर मला येत नाही. मी शाळेत गेलेच नाही." टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, बोट! बोट दाखवा!" आणि मग सगळेच, लेकरं, म्हातारी, पहिल्या रांगेतले पाहुणे, "बोट! बोट!" मी फोटोकडं बघितलं. तुम्ही हसत नव्हता, पण तुमचा काय उपयोग. मी वही उघडली, उजवीकडून बोट ठेवलं आणि वाचलं, की अण्णा लिहितात, या वाचनालयात चहाबरोबर बिस्किटं मिळतील. छप्पर उडालं. इतकं हसू मला मुंबईतही मिळालेलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, त्या हसण्यात क्षणभर मला बरं वाटलं. ते नेहमीच वाटतं. हाच तर रोग आहे.

एक बाई हसली नाही, तीच, मोठी बाई. चहा घेताना ती माझ्या शेजारी येऊन बसली, बशी गुडघ्यावर ठेवून. हळूच म्हणाली, "खरं सांगत होतीस ना?"

"कशावरून?"

"जन्म पोरी बघण्यात गेलाय माझा. जिला येत नाही तिचे डोळे कागदावर एकाच जागी बसतात. तुझे बसले होते."

मी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं.

"उद्या दुपारी घरी ये," ती म्हणाली. "कुणाला सांगत नाही मी. दार लावून बसू. तुला वेळ लागायचा नाही, तुझी पाठांतराची सवय आहे."

"शूटिंग आहे," मी म्हटलं. शूटिंग अकरा दिवसांनी आहे.

"मग आल्यावर ये. अगं, तुझीच जागा घेतली मी. परत करायची संधी दे की एकदा."

अण्णा, अख्ख्या जन्मात घराबाहेरच्या एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तीच निघाली. आज चार दिवस झाले, मी तिच्या गल्लीतून जात नाही. दळण सुनेला न्यायला लावते. सुनेनं आत्ता पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "का जात नाही आत्याबाई? आता तर करारही झालाय, बोट कॅमेऱ्यापुढं उलटं आणि घरी सुलटं फिरवा." तिला कसं सांगू, म्हणून तुम्हाला सांगते आणि ती लिहून घेईल.

तुम्ही मला शाळेत जाऊ दिलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. नवरा तेच खरं मानून गेला. मुलाखती घ्यायला येतात त्यांना सांगते, जलशामुळे शिक्षण राहिलं. पण तुम्ही तिसऱ्या हंगामात नाव घातलं होतं. मला नवीन परकर आणला होता, निळा. आणि माझ्या जागी ती पोरगी आणलीत, जी माझ्याहून गोड गायची. तुम्ही तिला बोट कसं फिरवायचं ते दोन दिवस शिकवलंत. वग सुरू व्हायच्या आधी तिनं पडद्यामागं माझा हात धरला, म्हणाली, "ताई, मी चुकंन गं, कुठून सुरू करू?" मी म्हटलं, "अण्णा तुझी परीक्षा बघतायत. खरं वाचतात तसं वाच, डावीकडून. नाहीतर ओरडतील." तिनं डावीकडून वाचलं. कुणी हसलं नाही. तुम्ही तिला काय म्हणालात ते मी शेजारी उभी राहून ऐकलं, आणि निळा परकर घालून दुसऱ्या दिवशी मीच उभी राहिले. तुम्हाला शेवटपर्यंत वाटलं, पोरीत कला नव्हती. तिलाही आजवर तेच वाटतंय.

सुनेनं सगळं लिहिलंय. 'नाय'चं 'नाही' करायलाही विसरली असेल. आता विचारते, याचं काय करायचं. म्हणते, "आत्याबाई, अण्णांना तर पोचायचं नाही, पण हे मोठ्या बाईंना देऊन येते, दोनच गल्ल्या सोडून तर राहतात." मी तिला म्हटलं, एवढं लिही आणि कागद माझ्याकडं दे, उशीच्या अभ्र्यात घालते. द्यायला हरकत नव्हती गं. पण तिला वाचता येतं, हीच तर अडचण आहे.